झाडाचं वय किती?

रात्रीचे अडीच वाजले असतील. जून २०२४. मृगाचा पहिलाच पाऊस, वारा सुटलेला आणि लाइट गेलेली. मागच्या अंगणात काहीतरी भलंमोठं कोसळलं आणि पाठोपाठ पत्रा फाटल्याचा आवाज आला. आम्ही बॅटरी घेऊन धावलो, तर आंब्याची एक आडवी फांदी न्हाणीघरावर पडलेली. पत्रा मधोमध वाकला होता, बंब आडवा झाला होता आणि पाण्याची टाकी फुटून सगळीकडे पाणी. मी आधी सासूबाईंच्या खोलीत डोकावले. त्या पलंगावर बसून होत्या. म्हणाल्या, "आत्ताच जाऊन आले गं तिकडं. पंधरा मिनिटं झाली नसतील."

त्या रात्री कुणी झोपलं नाही.

सकाळी सगळी आळी बघायला आली. प्रत्येकाचं एकच म्हणणं, झाड काढून टाका. आमच्या घराला हे झाड अगदी खेटून आहे. म्हणजे होतं. भिंतीपासून जेमतेम आठ फुटांवर. घराच्या कौलांवर त्याची सावली पडायची, त्यामुळे मे महिन्यातसुद्धा मागच्या खोलीत पंखा लागायचा नाही. रायवळ आंबा, चवीला आंबटगोड, लोणच्याला उत्तम. दर वर्षी निम्म्या आळीची लोणची त्याच्यावर व्हायची. पण सासूबाईंच्या अंगावर फांदी पडली असती, हे एकदा डोक्यात शिरल्यावर मला त्या झाडाकडे बघवेना. मीच म्हटलं, "काढायचंच."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हाच खरी धाकधूक असते, हे ज्यांना सासू आहे त्यांना सांगायला नको.

झाड काढायला माणूस आणायचा म्हणजे कुठून, हे तोपर्यंत मला ठाऊक नव्हतं. आमच्या नणंदेची मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मामी, इकडे ट्री सर्जन म्हणून धंदाच असतो. माणसं शिकलेली असतात, कमरेला पट्टे, डोक्याला हेल्मेट, विमा असतो. आणि कौन्सिलनं एखादं झाड राखलं असेल तर मालकालाही हात लावता येत नाही." मी म्हटलं, "आमच्याकडे वखारवाला असतो बाई."

वखारवालाच पहिला आला. झाडाकडे न बघता त्यानं ओंडक्यांचा हिशोब केला आणि म्हणाला, "वहिनी, एक रुपया देऊ नका. लाकूड आमचं, काम फुकट. रविवारी सकाळी येतो, संध्याकाळपर्यंत अंगण मोकळं." मी परवानगीचं विचारलं तर हसला. "म्हणून तर रविवार म्हणतोय. ऑफिसं बंद असतात." यांना ते पटलं होतं. फुकट काम कुणाला नको असतं? पण बुंध्यात घाव घालून एवढं झाड आडवं करायचं म्हणजे ते पडणार कुठे? एका बाजूला आमचं घर, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची पत्र्याची शेड, वरून विजेची तार. हे विचारल्यावर तो म्हणाला, "दोर लावून ओढू की." कौलं फुटली तर कोण देणार, याला काही उत्तर नव्हतं.

दुसरा हायड्रा क्रेन आणणारा. त्यानं पंचवीस हजार सांगितले. त्याची क्रेन आमच्या बोळात शिरणार नाही हे आमच्या दहावीतल्या मुलाला कळलं, त्याला कळलं नाही.

तिसरे एक साठीचे मामा. भावजयीच्या माहेरची ओळख. ते आले आणि अर्धा तास काही बोललेच नाहीत. झाडाभोवती फिरले. कुऱ्हाडीच्या तुंब्यानं बुंधा ठिकठिकाणी ठोकून पाहिला. आपण कलिंगड घेताना ठोकतो ना, तसं. एका जागी आवाज बदलला, तो मलाही कळला. मग खाली बसून त्यांनी बुंध्यावरची भोकं दाखवली, भोकांखाली भुसा सांडलेला. खोडकिडा. मला तो भुसा गेली दोन वर्षं दिसत होता, मी तो रोज सकाळी झाडून काढत होते. मुंग्यांचं काम असेल असं वाटायचं. मुळाशी भूछत्रासारखी कडक कड आलेली, तीही त्यांनी दाखवली. म्हणाले, "हे वर दिसतंय म्हणजे आत कुजलंय."

मग ते घराकडच्या बाजूला आले आणि मला विचारलं, "वहिनी, हितं कधी खणलं होतं काय?"

खणलं होतं. २००९ मध्ये संडासाची टाकी बांधली तेव्हा. मांडीएवढ्या जाड मुळ्या आडव्या आल्या होत्या. दोन माणसं दोन दिवस कुऱ्हाडीनं त्या तोडत होती आणि मी त्यांना चहा करून देत होते. त्या मुळ्यांवर पुढे महिनाभर आमचा बंब पेटला. जळण विकत आणावं लागलं नाही म्हणून मी खूश होते. नंतर २०१६ मध्ये पुतणीच्या लग्नाच्या वेळी अंगणात पेव्हिंग ब्लॉक बसवले, थेट बुंध्याला भिडवून. तो हट्टही माझाच. पाचोळा झाडून कंबर मोडायची आणि पावसाळ्यात चिखल घरात यायचा. गवंडी म्हणाला होता, "झाडाभोवती थोडं मोकळं ठेवू का?" मी म्हटलं, "कशाला, कचरा अडकतो."

मामा म्हणाले, "एका अंगाची मुळी गेली, वर पाणी मुरायला जागा नाही. झाड उभं होतं हेच नवल." त्यांनी आवाज चढवला नाही की दोष दिला नाही, पण मी मान खाली घातली. तोवर मला वाटत होतं, झाडानं आम्हाला धोका दिला.

झाड तोडायचं की ठेवायचं, हे मामांना विचारलं तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते इथे मुद्दाम लिहिते, कारण आपल्यापैकी अनेकींच्या परसात असं एखादं झाड असतंच. झाड वाकडं आहे म्हणून ते धोक्याचं, असं नसतं. लहानपणापासून वाकलेलं झाड तसंच शंभर वर्षं उभं राहतं. पण कालपर्यंत सरळ असलेलं झाड आज कललेलं दिसलं, आणि कलण्याच्या उलट बाजूला मातीला भेग पडली, तर वाट बघायची नाही, त्या बाजूच्या खोल्या आधी रिकाम्या करायच्या. शेंडा वाळत येणं, मुळाशी भूछत्रं, बुंध्यातून भुसा, ठोकल्यावर पोकळ आवाज, ही सगळी विचारून घेण्याची कारणं. गुलमोहर दिसायला देखणा, पण त्याचं लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवरची, त्यामुळे घराजवळ लावूच नये. भिंतीत उगवलेलं पिंपळाचं, उंबराचं रोप बोटभर असतानाच काढावं. नंतर भिंत राहते किंवा झाड राहतं. आणि जुना आंबा नुसता फार वाढला असेल तर तोडायची गरज नसते. बागांमधून अशा म्हाताऱ्या झाडांची मोठी छाटणी करतात आणि ती पुन्हा फुटतात. आमचंही तसं करता येईल का, असं मी आशेनं विचारलं. मामांनी एक सळई पोकळीत घातली. ती दोन हात आत गेली. पुढे मी विचारलं नाही.

मामांनी बजावलं, "कागद झाल्याशिवाय मी कुऱ्हाड लावणार नाही." म्हणून मी नगरपालिकेत गेले. शहरांसाठी आणि नगरपालिकेच्या हद्दीसाठी झाडांचा १९७५ चा कायदा आहे. आपलं अंगण, आपलं झाड, तरीही परवानगी लागते. मोठी छाटणी करायची तरी लागते. (हद्दीबाहेर, गावात राहणाऱ्यांनी निश्चिंत होऊ नये. तिथे १९६४ चा कायदा आहे आणि त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग सगळे आहेत.) अर्ज, घराचा उतारा, कर भरल्याची पावती, झाडाचे चारही बाजूंनी फोटो, बुंध्याचा घेर, कारण. आणि एक रकाना, झाडाचं वय.

टेबलामागचे गृहस्थ भले होते. त्यांनी विचारलं, "वय किती झाडाचं?" मी म्हटलं, "सासूबाईंनी लावलेलं. असेल पन्नास-पंचावन्न." त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, अठ्ठेचाळीस लिहा. २०२१ पासून कायदा बदललाय. पन्नास आणि त्यावरचं झाड वारसा वृक्ष धरतात. वाढीव भानगड. आणि जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायला लागतात." कोण मोजायला येणार आहे, असंही म्हणाले. मी अठ्ठेचाळीस लिहिलं. सही केली. पण पावतीसाठी उताऱ्याची एक प्रत कमी पडली, म्हणून अर्ज तसाच घेऊन घरी आले. ती प्रत कमी पडली हे बरंच झालं.

संध्याकाळी भाजी निवडताना अर्ज ओट्यावर होता. सासूबाईंनी चष्मा लावून वाचला. त्या सातवी शिकलेल्या, रोजचा पेपर पहिल्या पानापासून वाचणाऱ्या. म्हणाल्या, "अठ्ठेचाळीस कुठनं आले?"

मी सगळं सांगितलं. त्या गप्प बसल्या आणि मग जे सांगितलं ते मी लग्नाला तेवीस वर्षं होऊनही ऐकलं नव्हतं.

त्यांचं लग्न १९७१ च्या मे महिन्यातलं. माहेरहून आलेल्या आंब्याची कोय त्यांनी मागच्या अंगणात पुरली. नवीन घर, ओळखीचं कुणी नाही, तेवढंच माहेरचं काहीतरी. रोप हातभर झालं आणि ७२ चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको. लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची कामं. आमच्या गावातली विहीर आटली, घागरभर पाण्यासाठी मैलभर चालायचं. त्यात नव्या सुनेनं झाडाला पाणी घातलं असतं तर घरात काय झालं असतं? म्हणून त्या अंघोळीला एकच तांब्या कमी घ्यायच्या. तोंड धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी एका गाडग्यात साठवायचं आणि रात्री सगळे झोपल्यावर रोपाला घालायचं. एकदा त्यांच्या सासूनं पाहिलं. "त्यांनी हाणलं नाही मला," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी गाडग्यात जरा जास्त पाणी होतं. मी घातलेलं नव्हतं."

मग माझ्याकडे अर्ज सरकवून म्हणाल्या, "तोडायचं तर तोड. मी नाही म्हणत नाही, माझ्याच डोक्यात पडत होतं ते. पण त्याची पाच वर्षं खाऊ नकोस."

मी दुसरा अर्ज लिहिला. वय, त्रेपन्न.

हे वैतागले, ते मी लपवत नाही. त्रेपन्न झाडं लावायची कुठे, पैसे कुणी द्यायचे, चार महिने कोण थांबणार, हे सगळं मला ऐकवून झालं. गंमत म्हणजे जिवाला किंवा घराला धोका असलेल्या झाडाची परवानगी नाकारू नये, असं त्याच कायद्यात आहे. म्हणजे खरं वय लिहूनही काम होणारच होतं. खोटं लिहून आम्ही वाचवणार होतो ती फक्त रोपं.

मग नोटीस लागली. झाडावर कागद चिकटवतात, कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून. हरकत आलीही, आमच्याच आळीतल्या एका निवृत्त शिक्षिकेची. मला फार राग आला. पावसाळाभर आम्ही मागच्या दोन खोल्या बंद ठेवून पुढच्या सोप्यात पाच माणसं झोपत होतो, आणि या बाईंना सावलीची पडली होती! पाहणीच्या दिवशी त्या स्वतः आल्या. मामांनी त्यांच्या हातात सळई दिली आणि म्हटलं, तुम्हीच घालून बघा. बाईंनी घातली. मग बुंध्यावर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि तिथेच लिहून दिलं की हरकत मागे घेते. जाताना मला म्हणाल्या, "कुणीतरी विचारायला हवं होतं ना गं." आता माझा राग गेलाय. रविवारी झाड पाडणाऱ्या वखारवाल्याला हे विचारणारं कुणीच नसतं.

परवानगी आली. तोड दिवाळीनंतर ठरवली. जमीन वाळलेली असते, वारा नसतो, घरटी रिकामी असतात. वर कावळ्याचं एक जुनं घरटं होतं, मामांनी आधी माणूस चढवून खात्री केली. व्यवहार मी कागदावर लिहून घेतला, दोघांच्या सह्या घेऊन. मजुरी अठरा हजार, लाकडाचे सहा हजार वजा. शेजाऱ्यांचं काही फुटलं तर भरपाई कुणी करायची, पाचोळा नि डहाळ्या कुणी उचलायच्या, बुंधा जमिनीपासून किती वर कापायचा, सगळं. माणूस पडला तर दवाखाना कुणाचा, हेही विचारलं. मामांना ते आवडलं नाही, अशुभ बोलू नये म्हणाले. पण लिहिलं. बायकांनी असा व्यवहार केला की माणसं आधी हसतात आणि मग नीट वागतात, हा माझा अनुभव.

आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी बुंध्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. काय पुटपुटल्या ते मी ऐकलं नाही.

सकाळी आठला वायरमननं तार बंद केली. शेजाऱ्यांच्या शेडचे दोन पत्रे आधीच उतरवले होते. वर चढणारा मुलगा पंचविशीचा, मामांचा पुतण्या. कमरेला दोर, अनवाणी, डोक्याला टॉवेल. मी आमच्या स्कूटरचं हेल्मेट पुढे केलं. तो लाजला, सगळे हसले, मामांनी डोळे वटारल्यावर त्यानं घातलं. असं झाड बुंध्यातून पाडत नाहीत. शेंड्यापासून खाली, एकेक फांदी आधी दोरानं बांधायची, दोर वरच्या बेचक्यातून घ्यायचा, मग कापायची आणि हळूहळू खाली सोडायची. वरून मशीनची घरघर, खाली दोराचा ताण. दोराचं दुसरं टोक खाली दुसऱ्या झाडाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन धरलेलं असतं. ते टोक त्या मुलाच्या बायकोच्या हातात होतं.

दुपारी चहा देताना मी तिला विचारलं, "भीती नाही वाटत गं? तो एवढा वर."

ती म्हणाली, "वर बघतच नाही मी, ताई. दोर बघते."

दोन दिवस लागले. एक कौल फुटलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटी बुंधा राहिला. मुलगा धावत आला, वर्तुळं मोजायची म्हणून. शाळेत शिकवलं होतं त्याला. खाली वाकून बघतो तर मधोमध पोकळ, हात घातला तर कोपरापर्यंत काळा भुसा. कडेला जे थोडं लाकूड उरलं होतं त्यावरच्या रेषा पुसट, एकीत एक मिसळलेल्या. मामा म्हणाले, "आंब्याचं वय असं कळत नाही रे." म्हणजे त्रेपन्नाला पुरावा काय तो सासूबाईंचा.

महिन्याभरात रोपं लावायला घेतली. आंबा, जांभूळ, चिंच, करंज, कडुनिंब. वीस धाकट्या दिरांच्या शेताच्या बांधावर, पंधरा शाळेच्या आवारात, तेरा ओढ्याकाठच्या पालिकेच्या जागेवर आणि पाच त्या शिक्षिकाबाईंनी मागून नेली. आमच्या अंगणात एकही नाही. आठ फुटांत पुन्हा तो खेळ नको. बुंध्याभोवतीचे पेव्हिंग ब्लॉक मात्र उखडले आणि तिथे कढीपत्ता नि जास्वंद लावली. न्हाणीघरावर आता दिवसभर ऊन असतं. मागच्या खोलीत २०२५ च्या मेमध्ये पंखा फुल ठेवूनही झोप लागत नव्हती. नवा पंखा घेतला, त्याचा खर्च झाड काढायच्या हिशोबात कुणी धरत नाही.

उन्हाळ्यात बरीच रोपं गेली. बांधावरची शेळ्यांनी खाल्ली, ओढ्याकाठची पाण्यावाचून वाळली. यांनीच, हो यांनीच, एप्रिलपासून दर रविवारी स्कूटरवर दोन कॅन बांधून ओढ्याकाठी जायला सुरुवात केली. सासूबाई गुडघ्यांमुळे जाऊ शकत नाहीत, पण रविवारी हे परत आले की त्या हिशोब विचारतात. जूनच्या सुरुवातीला विचारलं, "किती हायत?"

हे म्हणाले, "एक्केचाळीस."

"म्हणजे बारा राहिली," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आंबे आणलेस ना काल? कोयी टाकू नकोस."